मिरी उंदरी आणि गळकी जीप

डोंगरावर एक गाव होतं. गावाला एक घाट होता. घाटाला वळणंच वळणं. आणि त्या वळणांवरून वर-खाली करणारी एकच जीप.

जीप होती गेनूकाकांची. हिरवी, म्हातारी, पुढे दोन गोल डोळे. काका तिला हरणी म्हणायचे. दर मंगळवारी हरणी खालच्या गावच्या बाजाराला जायची. पों पों, पों पों.

मीसुद्धा बसलेय तिच्यात. मागच्या फळीवर, पाय लोंबकळत सोडून. कोणाच्या मांडीवर कोंबडी, कोणाच्या पायाशी कोथिंबिरीची जुडी. वळण आलं की सगळे एकमेकांच्या अंगावर. कोंबडीसुद्धा. अजून कोथिंबिरीचा वास आला की मला ती फळी आठवते. असो. माझं काय घेऊन बसलात. गोष्ट ऐका.

बाजारातून जीप परत आली, की हौसाकाकू बाहेर यायच्या. हौसाकाकू म्हणजे गेनूकाकांची बायको. त्या पिशवीतून एक भुईमुगाची शेंग काढायच्या. हरणीच्या मागच्या चाकापाशी ठेवायच्या. आणि म्हणायच्या, "घाट सुखरूप चढवलास बाई, ही घे."

दर मंगळवारी. कधी चुकलं नाही.

आता जीप काही शेंग खात नाही. मग शेंग कोण खायचं?

मिरी खायची.

मिरी म्हणजे एक उंदरी. काळ्या मिरीसारखी काळी, काळ्या मिरीसारखी गोल. तिचा जन्मच हरणीच्या मागच्या सीटमधला, काथ्याच्या गादीत. तिची आईसुद्धा तिथलीच. शेंग चाकापाशी आली, की मिरी यायची. तुरु तुरु, तुरु तुरु. शेंगेत दोन दाणे. एक लगेच खायचा. एक जपून ठेवायचा. आईने तसं शिकवलं होतं.

मग दसरा आला. काकांनी हरणीला धुतलं. वरून धुतलं. खालून धुतलं. खाली, मागच्या अंगाला, एका कुंभारणीने घर केलं होतं. कुंभारीण माहीत आहे ना? ती बारीक कमरेची माशी. गुं गुं करते आणि चिखलाचं मडकं करते. कुंभारणीचं घर मोडू नये, असं आमच्याकडे म्हणतात. ती आली म्हणजे घरात बाळ येतं. काकूंनी काकांना बजावलं, तेवढं सोडून धुवा. काकांनी तेवढं सोडून धुतलं. झेंडूची माळ घातली. हळदकुंकू वाहिलं.

हे लक्षात ठेवा हं. मी पुन्हा सांगणार नाही.

दसरा झाला, आणि हरणी गळायला लागली. मागच्या चाकातून.

टिप… टिप… टिप.

काळं काळं तेल. चाकात तेल गेलं, की ब्रेक लागत नाही. ब्रेक लागत नाही, की घाटात जाता येत नाही. हरणी बदामाच्या झाडाखाली उभी राहिली. उभीच राहिली.

काका तिच्याखाली शिरले. तेलाला बोट लावलं. बोटावर चोळलं. वास घेतला. ब्रेकचं तेल नव्हे, म्हणाले. ते पातळ असतं. हे घट्ट आहे, उग्र आहे. दोन मागच्या चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो ना, त्या गोळ्याचं हे तेल. काकांनी चाक काढलं. आत तेल अडवणारं एक रबरी कडं असतं. जुनं कडं काढलं, नवं बसवलं. चाकाखाली पुठ्ठा ठेवला आणि झोपले.

सकाळी पुठ्ठा काळा.

पुन्हा नवं कडं बसवलं. पुन्हा पुठ्ठा काळा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय?

थंडी आली. काका रोज सकाळी हरणीला अंगणात फिरवून आणायचे. तिचं अंग आखडू नये म्हणून. बाजार मात्र बंद. शेंग बंद. मिरीकडे एकच दाणा उरला. जपून ठेवलेला.

आणि एका सोमवारी काकांनी काकूंना सांगितलं, उद्या भंगारवाला येणार आहे. हरणीला न्यायला. काकू उठल्या. आत निघून गेल्या.

मिरीने ते ऐकलं. तिने तो शेवटचा दाणा बाहेर आणला. चाकापाशी बसली. तोंड उघडलं.

टिप.

दाणा काळा. दाणा कडू.

मिरी रडायला लागली. चूं चूं चूं. हसू नका. तुमचा शेवटचा लाडू असता, म्हणजे कळलं असतं.

मग मिरीने डोळे पुसले. मिशा पुसल्या. आणि ती थेंबाला म्हणाली,

"थेंबा थेंबा, थांब ना.
जीप हलत नाही,
मला दाणा मिळत नाही,
मी करू तरी काय?"

थेंब म्हणाला, "नाही बाई नाही. आधी कड्याने धरावं, मग मी थांबेन."

मिरी चाकात शिरली. तुरु तुरु, तुरु तुरु. तिथे होतं कडं. नवं कोरं.

"कड्या कड्या, धर ना.
थेंब थांबत नाही,
जीप हलत नाही,
मला दाणा मिळत नाही,
मी करू तरी काय?"

कडं आधीच वैतागलेलं होतं. ते म्हणालं, मला परवा बसवलं आणि लगेच मलाच बोल. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी धरतो गच्च, पण आतून गोळा तेल ढकलतो, त्याला कोणी बोलत नाही. "नाही बाई नाही. आधी गोळ्याने निवावं, मग मी धरेन."

मिरी चाकाला गोळ्याशी जोडणाऱ्या दांड्यावरून निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. मधोमध होता गोळा. लठ्ठ, काळा. पोटात त्याच्या गुडगुड, गुडगुड.

"गोळोबा गोळोबा, निव ना.
कडं धरत नाही,
थेंब थांबत नाही,
जीप हलत नाही,
मला दाणा मिळत नाही,
मी करू तरी काय?"

गोळा बिचारा स्वभावाने वाईट नव्हता. तो म्हणाला, हरणी फिरली की मी तापतो. तापलो की माझ्या पोटातली हवा फुगते. ती बाहेर सोडायला मला एक नाक आहे. इथेच वर, बोराएवढं. पण दसऱ्यापासून नाक चोंदलंय. हवेला बाहेर पडायला वाट नाही. मग ती तेलाला ढकलते. "नाही बाई नाही. आधी नाकाने उघडावं, मग मी निवेन."

मिरी वर चढली. तुरु तुरु, तुरु तुरु. तिथे होतं नाक.

"नाका नाका, उघड ना.
गोळा निवत नाही,
कडं धरत नाही,
थेंब थांबत नाही,
जीप हलत नाही,
मला दाणा मिळत नाही,
मी करू तरी काय?"

नाक म्हणालं, "ऊं ऊं. ऊं ऊं."

चोंदलेलं नाक, ते काय बोलणार? तुम्हाला सर्दी झाली की तुम्ही बोलता तसं. मिरीने नीट पाहिलं. नाकावर चिखल होता. गोल, गुळगुळीत, सुकलेला चिखल. मडक्यासारखा.

आठवलं का आता? मी म्हटलं होतं लक्षात ठेवा.

मिरीला आला राग. तिने दात परजले. आता हा चिखल कुरतडून टाकते, म्हणाली. पुढे झाली. चिखलाला तोंड लावलं. आणि तिला आतून आवाज आला. अगदी बारीक. कोणीतरी झोपेत श्वास घेत होतं.

तेवढ्यात गुं गुं, गुं गुं. कुंभारीण आली. धापा टाकत. म्हणाली, "मोडू नकोस गं. माझं बाळ आहे आत."

मिरी थांबली. तिला काथ्याची गादी आठवली. आईची ऊब आठवली. हरणीच्या पोटात जन्मलेलं हे अजून एक बाळ. तिने दात मिटून घेतले. हळूच. आणि आपल्याच पायांवर बसून राहिली.

कुंभारणीने सांगितलं, बाळ उठलं की स्वतःच दार फोडून येतं. नाक आपोआप मोकळं होतं. नाकाच्या वतीने तीच बोलली. "आधी बाळाने उठावं, मग नाक उघडेल."

मिरीने चिखलावर टिचकी मारली. टक टक. अगदी हलकी.

"बाळा बाळा, ऊठ ना.
नाक उघडत नाही,
गोळा निवत नाही,
कडं धरत नाही,
थेंब थांबत नाही,
जीप हलत नाही,
मला दाणा मिळत नाही,
मी करू तरी काय?"

आतून पेंगुळलेला आवाज आला. थंडी वाजते, म्हणालं बाळ. इथे सारखी सावलीच असते. "नाही मावशी नाही. आधी उन्हाने आत यावं, मग मी उठेन."

मिरी एकदम मावशी झाली. तिला बरं वाटलं. ती अंगणात आली. तुरु तुरु, तुरु तुरु. अंगणाच्या कडेला ऊन पसरलं होतं. पिवळंधमक.

"उन्हा उन्हा, आत ये ना.
बाळ उठत नाही,
नाक उघडत नाही,
गोळा निवत नाही,
कडं धरत नाही,
थेंब थांबत नाही,
जीप हलत नाही,
मला दाणा मिळत नाही,
मी करू तरी काय?"

ऊन म्हणालं, दुपार कलली की मी वाकून जीपखाली बघतो. रोज बघतो. पण बदामाची पानं आडवी येतात. सुपाएवढी पानं, आणि किती ती. "नाही बाई नाही. आधी बदामाने पान सोडावं, मग मी आत येईन."

मिरी झाडाशी आली. तुरु तुरु, तुरु तुरु. बदामाची पानं लाल झाली होती. पिकली होती. पण लटकून होती.

"बदामा बदामा, पान सोड ना.
ऊन आत येत नाही,
बाळ उठत नाही,
नाक उघडत नाही,
गोळा निवत नाही,
कडं धरत नाही,
थेंब थांबत नाही,
जीप हलत नाही,
मला दाणा मिळत नाही,
मी करू तरी काय?"

बदाम म्हातारा आणि हट्टी. तो म्हणाला, दर वर्षी वारा येतो, मागतो, मी देतो. अशी रीत आहे. यंदा वारा आलाच नाही. न मागता कसं द्यायचं? "नाही बाई नाही. आधी वाऱ्याने सुटावं, मग मी पान सोडेन."

वारा कुठे राहतो? घाटाच्या खिंडीत.

आणि मिरी कधी अंगणाबाहेर गेलीच नव्हती. गेली होती ती हरणीत बसून. सीटच्या भोकातून बघत. आता पायी जायचं. केवढा तो रस्ता, आणि केवढीशी ती. पण उद्या भंगारवाला येणार होता. मिरी निघाली.

तुरु तुरु, तुरु तुरु. हे वडाचं वळण. इथे काका हॉर्न वाजवायचे. पों पों.

तुरु तुरु, तुरु तुरु. हे झऱ्याचं वळण. इथे हरणी पाणी प्यायची आणि सगळे खाली उतरून पाय मोकळे करायचे.

तुरु तुरु, तुरु तुरु. हे बोरीचं वळण. इथे सगळे एकमेकांवर पडायचे. मिरीसुद्धा तिच्या आईवर पडायची. आता आई नव्हती. मिरी भरभर चालू लागली.

खिंडीत वारा लोळत पडला होता. तोंड फिरवून.

"वाऱ्या वाऱ्या, सूट ना.
बदाम पान सोडत नाही,
ऊन आत येत नाही,
बाळ उठत नाही,
नाक उघडत नाही,
गोळा निवत नाही,
कडं धरत नाही,
थेंब थांबत नाही,
जीप हलत नाही,
मला दाणा मिळत नाही,
मी करू तरी काय?"

वारा म्हणाला, "नाही बाई ना…"

आणि थांबला. तोंड वळवून त्याने मिरीकडे पाहिलं.

"कोणती जीप?"

"आपली हरणी."

वारा उठून बसला. मग म्हणाला, दर मंगळवारी आम्ही शर्यत लावायचो. ती वळणावर, मी दरीवर. कधी ती पुढे, कधी मी. मग ती यायचीच बंद झाली. मी वाट पाहिली. रोज पाहिली. "मला वाटलं, ती मला विसरली."

"नाही रे," मिरी म्हणाली. "तिला बरं नाही."

वाऱ्याने एकच विचारलं, आधी का नाही सांगितलंस. उत्तराला तो थांबलाच नाही. मिरीला त्याने पाठीवर घेतलं, आणि सुटला.

सूं… सूं… सूं.

वारा सुटला, बदामाने पानं सोडली. लाल लाल पानं. फडफड, सळसळ, सगळं अंगण लाल.
बदामाने पानं सोडली, ऊन आत आलं. कलतं ऊन, जीपखाली, थेट मडक्यावर.
ऊन आत आलं, बाळ उठलं. आळस दिला. कुर्र कुर्र दार पोखरलं. बाहेर आलं आणि आईच्या मागे उडून गेलं. गुं गुं, गुं गुं.
बाळ उठलं, नाक उघडलं.

फुस्स्स्स्.

त्या वेळी काका जीपखालीच होते. फडकं घेऊन. उद्या ती जाणार, तर शेवटची पुसून द्यावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. लेकीची वेणी घालावी तसे ते पुसत होते. आणि डोळेही पुसत होते, मी खोटं कशाला सांगू.

ते फुस्स त्यांनी ऐकलं. हात थांबला. वर पाहिलं. मडक्याला भोक पडलेलं. बोटाने हलकेच मडकं काढलं. खाली नाक. तेच ते, बोराएवढं.

काका तिथेच मातीत बसले. त्यांनी काकूंना हाक मारली. "हौसा, हिचा श्वास कोंडला होता गं. आणि ते मडकं आपणच जपून ठेवलं होतं."

काकू वाकून बघत राहिल्या. म्हणाल्या, "अहो, आत बाळ होतं. माहीत असतं, तरी मोडलं असतं का आपण?"

काकांनी मान हलवली. नसतं मोडलं.

मग काका कामाला लागले. नाक साफ केलं. चाक काढून आतलं तेल पुसलं. ब्रेकची भिजलेली पट्टी काढून नवी घातली. गोळ्यात ताजं तेल भरलं. हरणीला अंगणात फिरवलं, चांगली तापेपर्यंत फिरवलं.

नाक उघडलं, गोळा निवला. फुस्स.
गोळा निवला, कड्याने धरलं. गच्च.
कड्याने धरलं, थेंब थांबला.
टिप…
…
नाही. पुन्हा पडलाच नाही.

काकांनी चाकाखाली नवा पुठ्ठा ठेवला. मिरी रात्रभर पुठ्ठ्याच्या काठावर बसली. सकाळी काका आले, काकू आल्या. तिघांनी पाहिलं.

पुठ्ठा कोरडा.

दुपारी भंगारवाला आला. टेम्पो घेऊन आला. बदामाखाली बघतो तर जीप नाही. जमिनीवर नुसता एक जुना काळा डाग. त्याने विचारलं, जीप कुठे आहे?

"बाजाराला गेलीय," काकू म्हणाल्या. "आज मंगळवार आहे ना."

भंगारवाल्याने चहा घेतला आणि रिकामा टेम्पो घेऊन गेला.

संध्याकाळ झाली. आधी आला वारा. सूं सूं. शर्यत त्याने जिंकली होती. त्याच्या मागून, वडाच्या वळणावरून, पों पों, पों पों. हरणी आली. मागच्या फळीवर माणसं, कोंबड्या, कोथिंबीर. आणि मागच्या सीटच्या भोकात दोन बारीक काळे डोळे. ती कशाला घरी बसतेय.

काकांनी बाजारातून जाळीची एक बारीक टोपी आणली होती. ती नाकावर बसवली. म्हणजे हवा बाहेर पडेल, चिखल आत जाणार नाही. आणि बदामाच्या फांदीला त्यांनी एक पोकळ बांबू बांधला. कुंभारणीला पुढच्या खेपेला घर हवं ना.

काकू बाहेर आल्या. पिशवीतून शेंग काढली. मागच्या चाकापाशी ठेवली. हरणीच्या अंगावर हात ठेवला. आणि म्हणाल्या,

"घाट सुखरूप चढवलास बाई, ही घे."

मिरी आली. तुरु तुरु, तुरु तुरु. शेंग फोडली. कटक. आत दोन दाणे. गुलाबी गुलाबी. तेलाचा थेंब नाही, वास नाही.

एक दाणा तिने खाल्ला.

दुसरा हातात घेतला. जपून ठेवावा का? तिने चाकाकडे पाहिलं. चाक कोरडं. तिने घाटाकडे पाहिलं. मग दुसराही खाऊन टाकला. पुढच्या मंगळवारी शेंग येणारच होती.

दाणा मिरीच्या पोटात,
जीप गेली घाटात,
गोष्ट तुमच्या कानात.